शेकडो नोकऱ्या आल्या, पण गेल्या किती?

आमच्या लातूरकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: मोठ्या साखळीचं सुपरमार्केट आलं की शेकडो पोरांना नोकऱ्या लागतात, शेतमालाला थेट गिऱ्हाईक मिळतं आणि किराणावाल्यांची लूट थांबते.

नोकऱ्या लागतात, हे खरंय. माझी भाची अशाच एका दुकानात कॅश काउंटरला आहे. पगार खात्यावर येतो, पीएफ कापला जातो. किराणा दुकानातल्या पोऱ्याच्या नशिबात हे सहसा नसतं, हे मी नाकारणार नाही. पण आलेल्या मोजताना गेलेल्याही मोजाव्या लागतात. अमेरिकेत वॉलमार्ट या मोठ्या सुपरमार्केट साखळीबाबत हा हिशोब झालाय. अर्थतज्ज्ञ एमेक बास्कर यांच्या २००५ च्या अभ्यासात दुकान उघडलं त्या वर्षी तिथल्या भागात सरासरी १०० नोकऱ्या वाढल्या; पाच वर्षांत निम्म्याच उरल्या, कारण छोटी दुकानं बंद पडली. डेव्हिड न्यूमार्क आणि सहकाऱ्यांना २००८ मध्ये त्याहून वाईट दिसलं: वॉलमार्टच्या एका नोकरीमागे किरकोळ व्यापारातल्या १.४ गेल्या.

तिकडचा आकडा इकडे जसाच्या तसा लावता येणार नाही. आपल्याकडे मोजणंच अवघड. गल्ल्यावर बाप, तराजूवर आई, शाळेतून आलेला पोरगा पुड्या बांधायला. यातलं कुणीच हजेरीपटावर नाही. शटर कायमचं खाली आलं तरी तीन नोकऱ्या गेल्या असं कुठंच नोंदलं जात नाही. लातूरच्या गंजगोलाई बाजारपेठेच्या १६ रस्त्यांवर पोती वाहणारे हमाल, हातगाडीवाले या दुकानांवरच जगतात. साखळीचा माल तिच्या गोदामातून ट्रकनं थेट दारात उतरतो. १९६९ च्या माथाडी कायद्यानं हमालाला संरक्षण दिलं, पण पोतंच आलं नाही तर मजुरी कुठली?

शेतमालाचं म्हणाल तर माझ्या ओळखीतल्या एकाही शेतकऱ्याची तूर सुपरमार्केटनं बांधावरून नेलेली नाही. ती आडतीवरच जाते.

राहिली लूट. तिथं साखर-तेल स्वस्त पडतं, मीही आणतो. पण ते रोख पैसेवाल्याला. सोयाबीनची रास होईपर्यंत वहीवर नाव लिहून महिन्याचा किराणा देतो तो गल्लीतलाच दुकानदार.

माझा विरोध दुकानाला नाही, अर्ध्या हिशोबाला आहे. भाची दिवसभर उभी असते, काउंटरमागे खुर्ची नाही. रात्री मिठाच्या गरम पाण्यात पाय सोडून बसते, तेव्हा तिच्याशी बोलवत नाही. दुकानातल्या कामगारांना बसायची सोय द्यावी असा कायदा केरळनं २०१८ मध्ये केला, तमिळनाडूनं २०२१ मध्ये. मेसेज पुढं पाठवण्याआधी एवढं विचारा: किती पोरं कंपनीच्या पटावर, किती कंत्राटदाराच्या, आणि त्यांना बसायला काय?