उजनी १११ टक्के

लघवीची जळजळ पुन्हा पुन्हा उद्भवते म्हणून डॉक्टरांनी पोटाची सोनोग्राफी लिहून दिली, आणि मूत्राशय भरलेले हवे म्हणून तासभर आधी लिटरभर पाणी पिऊन मी केंद्रात हजर झाले. तपासणारे डॉक्टर तेवढे यायचे होते. मूत्राशयात साधारण ४०० ते ५०० मिलिलिटर मावते, हे पुस्तकात वाचणे निराळे आणि प्लास्टिकच्या खुर्चीवर पाय आवळून अनुभवणे निराळे.

"जोरात लागली का?" काउंटरवरच्या मुलीने अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात विचारले. माझ्याआधी हॉलनेच माझ्याकडे वळून पाहिले.

शेजारच्या काकांना तेवढे निमित्त पुरले. ते पत्नीच्या रिपोर्टसाठी थांबले होते आणि त्यांच्या तोंडी पाण्याखेरीज विषय नव्हता. "ताई, दौंडहून उजनी धरणात येणारा विसर्ग वाढलाय बघा. आपली उजनी शंभर टक्के म्हणजे ११७ टीएमसी, पण त्यातला ६३ मृतसाठा. तळाशी राहणारा, तो धरायचाच नाही. आणि भरायला लागली की थांबते होय? १११ टक्क्यांपर्यंत जाते की!" एवढे बोलून त्यांनी बाटली उंच धरली, वरून धार सोडून घटाघटा पाणी प्यायले आणि उरलेले माझ्यापुढे केले. "घ्या की थोडं. उन्हाचं बरं असतं."

भरलेले मूत्राशय आतडी बाजूला सारते, म्हणून गर्भाशय नीट दिसते, हे मला मान्य आहे. परंतु बायकांना धरणासारखे तुंबवून ठेवायचे आणि स्वतः सवडीने यायचे, हे कोणत्या शास्त्रात बसते? बाईचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटर, पुरुषाचा सुमारे २०, त्यामुळे जंतूंना आमच्याकडे जवळची वाट आधीच मिळालेली असते. त्यात नवी पेठेत खरेदीला निघालेली बाई चाळीस अंशांच्या उन्हातही घोटभर पाणी घेत नाही, कारण स्वच्छ मुतारी सापडेल याचा भरवसा नसतो. पुरुषांना कोणतीही भिंत चालते. आम्हाला चिठ्ठीवर 'भरपूर पाणी प्या' एवढेच लिहून मिळते.

अखेर डॉक्टर आले, पोटावर गार जेल पसरून त्यांनी नेमके मूत्राशयावरच दाबले आणि म्हणाले, "आता जाऊन या. नंतर आत किती उरते, ते पाहू."

"मृतसाठा!" दाराबाहेर काका आनंदाने उद्गारले.

शौचालयाला कुलूप होते. किल्ली मावशींकडे होती आणि मावशी चहाला गेल्या होत्या.

"बसा की हो तोवर," काका म्हणाले, "दरवाजे उघडायला वरून आदेश यावा लागतो."