गेमचं संगीत करायला ‘इंडस्ट्री स्टँडर्ड’ सॉफ्टवेअरच लागतं? नाही लागत!

‘गेमसाठी संगीत करायचंय, कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?’ असं कुणी विचारायचा अवकाश, की इंटरनेटवर एक ठरीव मजकूर हजर होतो. शब्द इकडेतिकडे होतात, सार तेच राहतं. क्युबेस, लॉजिक किंवा प्रो टूल्स घ्या, बाकी सगळं हौशी. एफएल स्टुडिओ म्हणजे बीट बनवणाऱ्या पोरांचं खेळणं, आणि फुकट सॉफ्टवेअरमधून व्यावसायिक काम निघत नाही. ऑर्केस्ट्राच्या महागड्या लायब्ररी (वाद्यांच्या ध्वनिमुद्रित आवाजांचे संच) नसतील तर आवाज ‘गेमसारखा’ येणार नाही. संगीतकाराने एक चांगली मिक्स केलेली स्टिरिओ फाइल द्यावी, पुढचं प्रोग्रामर बघून घेईल. आणि शेवटी धमकीवजा टीप: स्टुडिओवाले तुम्ही कशावर काम करता ते आधी विचारतात.

या पाचांतला चौथा मुद्दा, एका स्टिरिओ फाइलीचा, सगळ्यांत नुकसान करणारा आहे. बाकीचे गैरसमजही तिथूनच फुटलेत, म्हणून त्यावर सविस्तर लिहितो. आधी बाकीचे घेऊ.

पोरांच्या खेळण्यापासून सुरुवात करू. २०१५ साली आलेल्या ‘अंडरटेल’चं संगीत टोबी फॉक्सने एफएल स्टुडिओत केलं, तेही बऱ्याच ठिकाणी इंटरनेटवर फुकट मिळणारे साउंडफाँट (वाद्यांच्या आवाजांच्या तयार फाइली) लावून. त्या साउंडट्रॅकमध्ये १०१ तुकडे आहेत आणि त्यातले कित्येक आज ऑर्केस्ट्रा वाजवतात. ‘माइनक्राफ्ट’चं सुरुवातीचं संगीत डॅनियल रोझनफेल्ड, म्हणजे सी४१८, याने एबलटन लाइव्हवर केलं. मजकुरातल्या मान्यवर यादीत एबलटनचंही नाव नाही. त्या संगीताचा २०११चा अल्बम २०२५ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदणीत घेतला. हौशी म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

फुकट सॉफ्टवेअरबद्दल बोलायचं तर ‘शॉव्हेल नाइट’ (२०१४) पुरे. जेक कॉफमनने तो साउंडट्रॅक फेमिट्रॅकरमध्ये रचला. फेमिट्रॅकर हे जुन्या गेमयंत्रासारखं संगीत रचायचं सॉफ्टवेअर, आणि ते पूर्ण मोफत आहे. निन्टेंडोच्या जुन्या ८ बिट यंत्रात दोन पल्स, एक ट्रँगल, एक नॉइज आणि एक सॅम्पलचा (म्हणजे ध्वनिमुद्रित आवाजाचा) असे पाच चॅनेल, म्हणजे आवाजाचे पाच स्रोत असायचे. त्यांत एका जादा चिपचे चॅनेल मिळवून त्याने तो आवाज उभा केला. आणखी मागे गेलं तर ‘केव्ह स्टोरी’ (२००४) आहे. डायसुके आमायाने गेम एकट्याने बनवला आणि त्याचं संगीत करायला ‘ऑर्ग मेकर’ नावाचं सॉफ्टवेअरही स्वतःच लिहिलं. म्हणजे ‘कोणतं विकत घेऊ’ हा प्रश्नच त्याने निकालात काढला!

आता पहिला मुद्दा. यात काही खरं आहे, ते मान्य करायला हवं. क्युबेसमध्ये एक्स्प्रेशन मॅप आहेत, त्यामुळे व्हायोलिन कुठे लांब ओढायचं आणि कुठे तोडून वाजवायचं हे एका जागी बसून लिहिता येतं. ऑर्केस्ट्राचं काम रोज करणाऱ्याला त्याचा मोठा आधार असतो. प्रत्यक्ष वादक बसवून रेकॉर्डिंग करायचं तर मोठ्या स्टुडिओत प्रो टूल्सच समोर येतं. कटसीनला (गेममधल्या फिल्मसारख्या नुसत्या बघायच्या प्रसंगाला) संगीत द्यायचं तर चित्राबरोबर काम करणं या सॉफ्टवेअरांत सुखाचं आहे. पण ही सगळी फिल्मच्या आणि रेकॉर्डिंगच्या धंद्यातली गरज झाली. गेममध्ये कटसीन असतात तेवढ्यापुरती ती खरी आहे, त्यापलीकडे नाही. राहिलं लॉजिक. ॲपलने २००२ मध्ये एमॅजिक कंपनी घेतली आणि लॉजिकची विंडोज आवृत्ती बंद केली, तेव्हापासून ते ॲपलबाहेर चालत नाही. मॅक आधीच घरात असेल तर लॉजिक डोळे झाकून घ्यावं. एकदाच पैसे भरायचे आणि सोबत ढीगभर वाद्यं. पण विंडोजवाल्या मुलाला ‘लॉजिक घे’ सांगणं म्हणजे त्याला नवा कॉम्प्युटर घ्यायला लावणं. मजकुरात ही गोष्ट कुणी लिहीत नाही. मग खाली प्रतिक्रियांत कुणीतरी क्रॅकची लिंक टाकतं, आणि ‘व्यावसायिक व्हा’ म्हणून सुरू झालेला सल्ला चोरीच्या सॉफ्टवेअरवर येऊन थांबतो.

लायब्ररींबद्दल थोडक्यात. स्पिटफायर कंपनीची बीबीसी सिम्फनी ऑर्केस्ट्राची ‘डिस्कव्हर’ आवृत्ती फुकट मिळते आणि २०० एमबीच्या आसपास जागा घेते. साध्या लॅपटॉपवर चालते. व्हीएससीओ २ ची कम्युनिटी आवृत्ती तर कुठल्याही हक्काशिवाय वापरायला मोकळी आहे. विकत घेणार असाल तर एक खाचखळगा बघून ठेवा: काँटॅक्ट (लायब्ररी वाजवणारं सॉफ्टवेअर) यासाठीच्या बऱ्याच लायब्ररींना काँटॅक्टची पूर्ण, विकतची आवृत्ती लागते. फुकटच्या प्लेअरमध्ये त्या पंधरा मिनिटं वाजून गप्प होतात. स्वस्त लायब्ररीची जाहिरात वाचताना ही ओळ कुठेतरी बारीक अक्षरांत असते.

आपल्या वाद्यांची गोष्ट वेगळी आहे. तबल्याचे सॅम्पल बहुतेक वेळा कीबोर्डच्या एका कळीला एक बोल असे येतात. ‘ना’ मिळतो, ‘तिन’ मिळतो, पण डग्ग्यावर मनगट सरकवून काढलेली घसीट आणि ‘धा’च्या पोटातून वर चढणारा तो स्वर कळ दाबून येत नाही. कितीही महाग लायब्ररी घ्या, ही अडचण राहतेच. पुण्या-मुंबईत, नाशकात, कोल्हापुरात चांगला तबलजी किंवा ढोलकीवाला शोधून त्याला मानधन देऊन तासभर वाजवून घ्या. टेम्पो ठरवून, कानात क्लिक देऊन, एका बऱ्या माइकवर. लायब्ररीपेक्षा स्वस्त पडेल आणि तुमच्या गेममध्ये जे वाजेल ते दुसऱ्या कुणाकडे नसेल. मात्र त्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये ऑडिओ रेकॉर्ड करता यायला हवा. एफएल स्टुडिओच्या सगळ्यांत स्वस्त ‘फ्रूटी’ आवृत्तीत ती सोय नाही, त्याच्या वरची घ्यावी लागते. एफएलवर टीकाच करायची तर ही करा, निदान ती खरी आहे.

आता तो चौथा मुद्दा: एक स्टिरिओ फाइल द्या आणि मोकळे व्हा.

फिल्ममधला प्रसंग दोन मिनिटं दहा सेकंदांचा असेल तर तो तेवढाच राहतो. गेममध्ये खेळणारा दरवाज्यासमोर दहा सेकंद थांबेल, नाहीतर मोबाइल बाजूला ठेवून जेवून येईल. वरात रस्त्यात अडली की बँडवाला तोच तुकडा घोळवत राहतो, आणि नवरदेव दारात पोचला की क्षणात चाल बदलतो. गेमच्या संगीतकाराला नेमकं हेच काम आहे, फक्त तो स्वतः तिथे हजर नसतो. त्यामुळे ते घोळवणं आणि बदलणं फाइलींमध्येच पेरून द्यावं लागतं.

साधा लूप घ्या. टेम्पो १२० (मिनिटाला १२० मात्रा), चार मात्रांचा बार, आठ बार. म्हणजे बरोबर १६ सेकंद, आणि ४८ किलोहर्ट्झवर (सेकंदाला ४८,००० नोंदी) ७,६८,००० सॅम्पल; इथे सॅम्पल म्हणजे आवाजाची एकेक नोंद. एवढ्यावर फाइल कापली की काम झालं असं वाटतं. पण शेवटच्या सुरावटीचा रिव्हर्ब (घुमारा) सोळाव्या सेकंदाच्या पुढे रेंगाळत असतो. तो कापला जातो, लूप पुन्हा सुरू होताना सगळं अचानक कोरडं पडतं आणि दर सोळा सेकंदांनी कानाला ठेच लागते. रेंगाळलेला भाग ठेवून फाइल लांबवली तर ताल चुकतो. उपाय असा की तुकडा दोनदा वाजवायचा आणि दुसरी फेरी तेवढी फाइल म्हणून काढायची, कारण तिच्या सुरुवातीला पहिल्या फेरीची शेपटी आपोआप येते. रीपर या सॉफ्टवेअरच्या रेंडर (फाइल काढायच्या) खिडकीत यासाठी ‘सेकंड पास रेंडर’ची खूण आहे, एबलटनमध्ये ‘रेंडर ॲज लूप’, लॉजिकमध्ये ‘बाउन्स सेकंड सायकल पास’. आणि ज्याला पोरांचं खेळणं म्हटलं त्या एफएल स्टुडिओत ‘रॅप रिमेंडर’ निवडलं की ती शेपटी सुरुवातीत मिसळून मिळते. एका क्लिकचं काम.

मग फाइलचा प्रकार. एमपी३ करताना एन्कोडर सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता भरतो, त्यामुळे उत्तम कापलेला लूपही जोडावर अडखळतो. ऑग किंवा वेव्ह द्या. आरपीजी मेकरमध्ये गेम बनवणाऱ्यासाठी काम करत असाल तर ऑग फाइलमध्ये ‘लूपस्टार्ट’ आणि ‘लूपलेंग्थ’ हे दोन टॅग सॅम्पलच्या आकड्यांत भरता येतात; मुखडा एकदाच वाजतो आणि पुढचा भाग फिरत राहतो. यातलं काहीही प्रोग्रामर ‘बघून घेत’ नाही. त्याला तुमच्या तुकड्याचा बार कुठे संपतो हेच माहीत नसतं.

हे लूपचं झालं. प्रसंगानुसार संगीत बदलणं हीसुद्धा काही आजची चैन नाही. लुकासआर्ट्समध्ये मायकल लँड आणि पीटर मॅककॉनेल यांनी ‘आयम्यूज’ नावाची व्यवस्था बनवली आणि १९९१च्या ‘मंकी आयलंड २’मध्ये ती वापरली, पात्र एका जागेतून दुसरीकडे गेलं की संगीत न तुटता वळण घेतं. ‘बँजो-कझूई’मध्ये (१९९८) पाण्यात बुडी मारली की तीच धून वेगळ्या वाद्यांवर येते. ‘अनरिअल’ आणि ‘डेउस एक्स’ यांचं संगीत तर ट्रॅकरमध्ये, म्हणजे फेमिट्रॅकरच्याच जातीच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेलं. ‘डेउस एक्स’मध्ये एकाच फाइलीत फिरण्याचा, संभाषणाचा आणि मारामारीचा भाग शेजारीशेजारी ठेवलेला असायचा. २०१०च्या ‘रेड डेड रिडेम्प्शन’मध्ये बहुतेक संगीत एकाच टेम्पोत, १३०वर, आणि ए मायनर या एकाच स्केलमध्ये बांधलं, म्हणजे कुठलाही थर (एकेका वाद्याची वेगळी फाइल) कुठल्याही थरावर चढवता यावा. हा निर्णय कुठल्याही सॉफ्टवेअरच्या खोक्यात मिळत नाही. तो पहिला सूर लावायच्या आधी घ्यावा लागतो.

आज खेळ चालू असताना हे थर हलवायचं काम एफमॉड किंवा व्वाइज ही सॉफ्टवेअर करतात. दोन्ही छोट्या बजेटच्या गेमना फुकट वापरता येतात, आणि ‘सेलेस्ट’सारख्या छोट्या टीमच्या गेमने एफमॉडच वापरलं. ज्याच्याकडे क्युबेसचे पैसे भरायची तयारी आहे पण एफमॉड उघडून बघायला वेळ नाही, त्याचा क्रम उलटा लागलाय.

हे सगळं ध्यानात घेतलं की निवडीची कसोटी बदलते. समजा नऊ ठिकाणांची नऊ धून, प्रत्येकीचे चार थर: छत्तीस फाइली. सगळं दिल्यावर डिझायनर म्हणतो, जंगलाचा टेम्पो जरा उतरवा आणि सगळीकडचा ढोल वेगळा द्या. तेव्हा तुमचं सॉफ्टवेअर किती नामांकित आहे याला अर्थ उरत नाही. योग्य नावांच्या, योग्य लांबीच्या फाइली ते पुन्हा किती वेळात काढून देतं, एवढंच उरतं. इथे माझा कल उघडपणे रीपरकडे आहे. रीजन (पट्टीवरचे भाग) आखायचे, त्यांना ‘जंगल_शांत’, ‘जंगल_लढाई’ अशी नावं द्यायची, रेंडर मॅट्रिक्स या तक्त्यात कोणत्या रीजनचा कोणता ट्रॅक हवा तिथे खुणा करायच्या; फाइलींना नावं आपोआप लागतात. व्वाइजच्या कंपनीने रीपरसाठी जोडणीही दिली आहे. ६० दिवस पूर्ण आवृत्ती वापरून बघता येते, नंतर वैयक्तिक वापरासाठी किंवा या कामाचं उत्पन्न वर्षाला २०,००० डॉलरच्या आत असेल तर ६० डॉलर, म्हणजे पाच-साडेपाच हजार रुपये. दिसायला मात्र रुक्ष आहे, सोबत वाद्यं जवळजवळ नाहीत, आणि पहिला आठवडा मेनू शोधण्यात जातो. एफएलवर हात बसलेला असेल तर तिथून हलायचं कारण नाही; एबलटनवाल्यानेही नाही.

उरला शेवटचा मुद्दा, स्टुडिओ काय विचारतात. मोठ्या कंपनीच्या ऑडिओ विभागात नोकरी करायची तर तिथे ठरलेलं सॉफ्टवेअर शिकावं लागेल, त्यात वाद नाही. अशा नोकरीच्या जाहिरातींत व्वाइज, एफमॉड आणि इंजिनाची (गेम ज्यात बांधतात त्या सॉफ्टवेअरची) ओळख हमखास मागितलेली असते. स्वतंत्र संगीतकाराच्या हातून मात्र स्टुडिओकडे जातात त्या वेव्ह फाइली, आणि वेव्ह फाइलीवर ती कुठे बनली याचा शिक्का कुणी शोधत नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली आणलेल्या ‘राजी’चं संगीत लिनोस त्झेलोस या ग्रीक संगीतकाराने दिलं. ग्रीक माणसाचं काम पुण्यातल्या टीमच्या गेममध्ये बसलं, कारण ते त्या गेमला शोभत होतं.

अजूनही ठरत नसेल तर एक परीक्षा घ्या. डोक्यात असलेल्या दोन-तीन सॉफ्टवेअरांचे डेमो उतरवा. प्रत्येकात आठ बारांचा लूप, तीन थरांत. तिन्ही फाइली गोडो या मोफत इंजिनात टाकून एकदम वाजवा आणि पाच मिनिटं ऐकत राहा. मग टेम्पो १२० वरून ११२ करा आणि सगळ्या फाइली पुन्हा काढा. जिथे चिडचिड कमी झाली ते घ्या. एफएलच्या डेमोत सेव्ह केलेला प्रोजेक्ट विकत घेतल्याशिवाय पुन्हा उघडत नाही, तेव्हा त्याची परीक्षा एका बैठकीत उरका.