चार आलाय, चार!

रविवार सकाळ, मटणाच्या लायनीत माझ्यापुढं फक्त दोन माणसं, आणि फोन वाजला. तिकडं अमेरिकेत शनिवारची रात्र, बॅच चालू, म्हणजे एकामागं एक आपोआप चालणारी कामं. "जॉबची पुढची स्टेप चाललीच नाही, तुझ्या प्रोग्रॅमनं चार दिलाय."

मी दिलेलाच नाही हो चार! आयबीएमच्या मोठ्या मशीनवरच्या कोबोल भाषेत दुसऱ्या रूटीनला, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या छोट्या प्रोग्रॅमला, कॉल केला की ते परत येताना रजिस्टर १५ नावाच्या प्रोसेसरमधल्या कप्प्यातनं जो आकडा आणतं तो गुपचूप आपल्या रिटर्न-कोडमध्ये, म्हणजे काम कसं झालं ते सांगणाऱ्या आकड्यात, येऊन बसतो, आणि पुसला नाही तर गोबॅक करताना, म्हणजे प्रोग्रॅम संपवून परत जाताना, आपल्याच नावावर. त्या रूटीनला फक्त 'आज रेकॉर्ड नाहीत' एवढंच म्हणायचं होतं. आणि पुढच्या स्टेपला कुणीतरी अट घातलेली, शून्य सोडून काहीही आलं तर चालायचंच नाही.

"चार कसा आला? शून्य पायजे, शून्य!" मी ओरडलो.

"शून्य पायजे तर लायनीत कशाला थांबलाय?" मटणवाला.

मागं स्टीलचा डबा घेतलेले एक मामा. "चार किलो? पावणं आल्यात व्हय?"

"नाही मामा, कोड हाय. शून्य म्हंजे सगळं बरोबर, चार वॉर्निंग, आठ एरर, बारा-सोळा म्हंजे लई वाईट."

मामा जरा गप्प. "म्हंजे आमच्या पोराला गणितात शून्य पडला आन् मी उगंच बडवला."

अख्खी लाईन हसली.

"चूक कुणाची पर?"

"ज्याला कॉल केला त्याची."

"मग बोलणी तुला का?"

"शेवटी संपला माझा प्रोग्रॅम ना."

"काच फोडली एकानं, चेंडू घावला तुझ्या हातात. असं म्हण की."

हेच मी मॅनेजरला तीन मेल लिहून समजावतोय. त्या रूटीनवाल्याला तर मेलमध्ये सीसीसुद्धा नाही! बरं, कॉलनंतर 'मूव्ह झिरो टू रिटर्न-कोड' अशी एक ओळ मी लिहायला हवी होती, मान्य. पण गेल्या महिन्यात उलटं झालेलं, पहिल्या रूटीननं आठ आणला, मी बघितला नाही, दुसऱ्यानं येताना शून्य आणला आणि आठ गायब. जॉब हिरवागार, डेटा चुकलेला. तेव्हा रविवारी कुणाचा फोन नाही आला.

फोन ठेवून वळलो तर मामा पुढं. अर्धा किलो आणि शेवटची कलेजी डब्यात घालून म्हणाले, "तुझं चालू दे, मला गडबड हाय."