अपघात म्हणायचे नाही

उत्तरायणाच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे आमच्या बडोद्यात ज्याला वासी उत्तरायण म्हणतात त्या १५ जानेवारीला, मी मोटरसायकलवरून दांडिया बाजारातून न्यायमंदिराकडे निघालो होतो. मांजाने गळा कापू नये म्हणून हँडलला तारेची कमान लावली होती, गळ्याभोवती बायकोचा मफलर गुंडाळला होता आणि वेग इतका बेताचा होता की एका सायकलवाल्याने घंटी वाजवून मला बाजूला सारले. एवढी खबरदारी घेतलेल्या माणसाने रस्त्याकडेही पाहायला हवे होते, हे मला मान्य आहे. परंतु त्याच वेळी सूरसागर तलावावरून एक कटलेला पतंग डुलत डुलत खाली येत होता, आणि कटलेल्या पतंगाकडे न पाहणारा बडोदेकर अजून जन्माला यायचा आहे. मी बोरांच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, जाऊन आदळलो.

मला गुडघा खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. मोटरसायकल मात्र डाव्या कुशीवर आडवी झाली आणि बोरे रस्ताभर पसरली. लारीवाल्याने आधी मला उठवले, मग बोरांकडे पाहिले, मनातल्या मनात काही हिशेब केला आणि दोनशे रुपये सांगितले. मी दिले. १९८८च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचा केलेला विमा ज्या ‘तृतीय पक्षा’साठी असतो तो तृतीय पक्ष हाच, हे मला नंतर कळले; पण या पक्षाने स्वतःच पाहणी केली, स्वतःच नुकसान ठरवले आणि दोन मिनिटांत दावा निकालात काढला.

प्रश्न राहिला पहिल्या पक्षाचा, म्हणजे माझा. विमा कंपनीच्या क्रमांकावर फोन करून गुजरातीसाठीचे बटण दाबले. तीन पिढ्या बडोद्यात गेल्या तरी घाबरलो की माझ्या गुजरातीत मराठी शिरते, त्यामुळे ‘‘शुं थयुं?’’ या प्रश्नाला मी ‘‘अपघात थयो’’ असे उत्तर दिले. पलीकडे शांतता पसरली. मग त्या बेननी अतिशय हळुवार आवाजात विचारले, ‘‘तो पछी तमे बोलो छो केवी रीते, काका?’’

गुजरातीत आपघात म्हणजे आत्महत्या. आपण ज्याला अपघात म्हणतो त्याला तिथे अकस्मात म्हणतात, आणि आपल्याकडे अकस्मात म्हणजे नुसतेच एकाएकी. कंपनीच्या लेखी काही क्षण तरी मी बोरांच्या लारीवर उडी टाकून जीव देणारा आणि वर स्वतःच फोन करून भरपाई मागणारा गृहस्थ ठरलो होतो. बेननी चूक दुरुस्त करून घेतली आणि दाव्याचा क्रमांक दिला. सायंकाळी पुण्याला मुलाला ‘लारीला धडकलो’ असे कळवले, तर त्याने ती लॉरी समजून रात्रीच्या गाडीचे तिकीट काढले. हातगाडीला मराठीत हातगाडीच म्हणावे, हे शहाणपण मला त्यानंतर आले.

सर्व्हेअर तिसऱ्या दिवशी गॅरेजात आले. त्यांनी चेसिस नंबरवर कागद धरून त्यावर पेन्सिल घासली आणि पोरे नाण्याचा छाप काढतात तसा तो नंबर कागदावर उतरवून घेतला. नंतर चारही बाजूंनी फोटो काढले आणि टाकीवरच्या पोचाशी ते थांबले. तो पोचा दोन वर्षांपूर्वी जिन्याखालच्या खांबाने पाडला होता, हे मला आणि खांबाला ठाऊक होते. मी गप्प उभा राहिलो. सर्व्हेअरनी पोच्याच्या खळगीतून बोट फिरवले, बोटाला लागलेली धूळ आणि गंज मला दाखवला आणि म्हणाले, ‘‘आ गोबो तो जूनो छे, काका.’’ त्यांच्या स्वरात राग नव्हता, त्यामुळे मला जास्त लाज वाटली.

गॅरेजचे बिल ५,२०० रुपयांचे झाले. व्हायझर, इंडिकेटर आणि पुढचे मडगार्ड हे प्लॅस्टिकचे सामान २,४५० रुपयांचे, हँडल आणि फूटरेस्ट हजाराचे, मजुरी ९०० आणि लेग गार्डचे ८५०. गाडी साडेतीन वर्षांची म्हणून लोखंडावर २५ टक्के घसारा लागला, तो मी समजू शकलो. परंतु प्लॅस्टिकवर, गाडीचे वय काहीही असले तरी, सरसकट ५० टक्के लागतो. जे प्लॅस्टिक शेकडो वर्षे कुजत नाही म्हणून जगभर ओरड चालू आहे, ते विम्याच्या लेखी शोरूममधून बाहेर पडतानाच अर्धे झिजलेले असते! लेग गार्ड मी मागाहून बसवलेला आणि पॉलिसीत न नोंदवलेला, म्हणून त्याचे शून्य. सरतेशेवटी सक्तीच्या वजावटीचे शंभर रुपये गेले आणि २,७७५ रुपये मंजूर झाले. घसाऱ्याला गुजरातीतही घसारोच म्हणतात. या एका शब्दावर कंपनीचे आणि माझे भाषेपुरते तरी एकमत झाले.

गॅरेज कॅशलेसच्या यादीत नसल्याने पैसे आधी मी भरले आणि मग मूळ बिल, रद्द केलेला चेक आणि परवान्याची प्रत घेऊन कंपनीच्या कार्यालयात तीन खेपा घातल्या. दरम्यान बायकोने पॉलिसी उघडून नो क्लेम बोनसचा, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीचा, तक्ता काढला. यंदा आम्हाला ३५ टक्के सूट होती, पुढच्या वर्षी ती ४५ झाली असती, आणि आता शून्यापासून चढायला लागून पन्नासावर पोचेपर्यंत जवळजवळ हजार रुपये जास्त जाणार होते. हा हिशेब तिने दावा दाखल करण्यापूर्वी का सांगितला नाही, असे मी विचारले नाही. तिच्या मफलरचा विषय अजून निघायचा होता.

पैसे खात्यात जमा झाल्याचा संदेश आला त्या दिवशी मी मुद्दाम सूरसागरावरून गेलो. लारीवाला त्याच जागी उभा होता. ‘‘पैसा मळ्या, काका?’’ त्याने विचारले. मिळाले म्हणून सांगितले आणि पाव किलो बोरे मागितली. बोरे कधीच संपली, असे तो म्हणाला. लारीवर द्राक्षे होती.