विषय राहिलेल्या मुलांना भाषण पुरे, आता त्यांच्या गुणपत्रिका वाचू या

हिवाळी परीक्षेचे निकाल लागले की आमच्यासारख्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत दोन कार्यक्रम हमखास होतात. पहिल्या वर्षाच्या मुलांना सभागृहात बसवून प्रेरणादायी व्याख्यान ऐकवले जाते, आणि ज्यांचे बरेच विषय राहिले आहेत त्यांच्या पालकांना बोलावून मुलाची हजेरी वाचून दाखवली जाते. अभियांत्रिकी गणित शिकवताना हे दोन्ही कार्यक्रम मी अनेक वर्षे जवळून पाहत आलो आहे, आणि माझे मत असे झाले आहे की पाच विषय राहिलेल्या मुलाकडे इच्छा बहुधा असते; सुरुवात कोठून करायची हे त्याला कळत नसते आणि ते त्याच्याबरोबर बसून ठरवण्याइतका वेळ कोणी काढलेला नसतो.

एटीकेटीमुळे काही विषय राहूनही पुढच्या वर्गात जाता येते, हे चांगलेच आहे. मात्र तिचा हिशेब मुलांना नीट समजावून दिला जात नाही. पहिल्या सत्रातले तीन विषय राहिले, तर उन्हाळी परीक्षेत दुसऱ्या सत्राचे पाच आणि मागचे तीन असे आठ पेपर समोर येतात. त्यातले चार राहिले की दुसऱ्या वर्षाची सुरुवातच डोक्यावर चार विषय घेऊन होते. बहुतेक ठिकाणी पहिल्या वर्षाचे सगळे विषय सुटल्याशिवाय तिसऱ्या वर्षाला प्रवेश मिळत नाही, आणि या नियमाची खरी जाणीव मुलाला होते ती दुसरे वर्ष संपत आल्यावर. मग तो सगळ्याच विषयांचे थोडे थोडे वाचतो, प्रत्येक पेपरात पंचवीस-तीस गुणांपर्यंत पोचतो आणि त्याचा एकही विषय सुटत नाही.

म्हणून असा मुलगा माझ्याकडे आला की मी अभ्यास का केला नाहीस असे विचारत नाही, आतापर्यंतच्या सगळ्या गुणपत्रिका आणायला सांगतो. ज्या विषयात पासिंगला चार-पाच गुण कमी पडले तो विषय आणि ज्या पेपरला तो बसलाच नाही तो विषय, यांना एकाच यादीत ठेवण्यात अर्थ नसतो. पुढच्या वर्षाचा प्रवेश अडवणारे विषय सर्वांत वर, थोडक्यात राहिलेले त्याखाली, आणि ज्याला अद्याप हातही लागलेला नाही असा एखादा अवघड विषय, तो प्रवेश अडवत नसेल तर, या खेपेला सरळ बाजूला ठेवायचा. हा शेवटचा भाग माझ्या काही सहकाऱ्यांना मुळीच पटत नाही. शिक्षकानेच विद्यार्थ्याला विषय सोडायला सांगावे, हे त्यांना गैर वाटते. परीक्षेचा फॉर्म हवा तर सगळ्या विषयांचा भरावा, माझी हरकत नाही, पण अभ्यासाचे तास आठ ठिकाणी वाटून दोन विषय सुटण्यापेक्षा पाचांची तयारी करून चार सुटलेले मला हवे आहेत. थोडक्यात राहिलेल्या पेपरच्या तपासलेल्या उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवण्याचाही मी आग्रह धरतो, कारण गुण वाढले नाहीत तरी आपण उत्तर नेमके कोठे अर्धवट सोडतो हे मुलाला स्वतःच्या हस्ताक्षरात दिसते. या अर्जाची मुदत थोड्या दिवसांची असते आणि निकालाच्या धक्क्यात ती बहुधा निघून जाते.

माझ्या विषयाबद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. दुसऱ्या वर्षाच्या गणितात, म्हणजे मुलांच्या भाषेत एम-थ्रीमध्ये, लाप्लास ट्रान्सफॉर्म असते. मुलगा सांगतो, "सर, लाप्लास जमत नाही." त्याला फळ्यापाशी उभे केले की सूत्रे पाठ असल्याचे दिसते, इन्व्हर्स काढताना पार्शल फ्रॅक्शन, म्हणजे मोठ्या अपूर्णांकाची साध्या अपूर्णांकांत फोड, करायची वेळ आली की त्याचा हात थांबतो. फूरियरमध्ये तो इंटिग्रेशन बाय पार्ट्सपाशी अडतो. दोन्ही गोष्टी बारावीच्या आहेत. पदविका करून थेट दुसऱ्या वर्षात आलेल्यांची अडचण याहून मोठी, कारण प्रॅक्टिकलमधली त्यांची समज पुष्कळदा इतरांपेक्षा चांगली असली तरी पदवीच्या पहिल्या वर्षाचे गणित, म्हणजे एम-वन आणि एम-टू, त्यांनी केलेलेच नसते. या मुलांना एम-थ्रीचे जादा तास देऊन फारसे काही साधत नाही. आधी दोन-तीन आठवडे बारावीचे इंटिग्रेशन करून घ्यावे लागते, आणि तेही चार-पाच जणांच्या लहान गटात, जेणेकरून मागे जाऊन शिकण्यात त्यांना कमीपणा वाटणार नाही. रेमेडियल वर्ग म्हणून मी जे पाहिले आहे त्यात बहुधा त्याच नोट्स त्याच वेगाने पुन्हा सांगितल्या जातात.

मेंटॉर योजना आहे की, असे कोणी म्हणेल. आहे. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅक या संस्थेला मेंटॉर, म्हणजे मार्गदर्शक शिक्षक, आणि विद्यार्थी यांचे प्रमाण दाखवायचे असते, त्यामुळे प्रत्येक शिक्षकाच्या नावावर काही मुले आणि त्यांची एक फाइल असते, जिच्यातल्या भेटींच्या तारखा पुष्कळदा सत्राअखेरीस एका बैठकीत, एकाच पेनाने भरल्या जातात. याचा दोष मी शिक्षकांना फारसा देत नाही. ज्या विभागात कितीतरी अध्यापक तासिका तत्त्वावर येतात आणि सत्र संपले की बदलतात, तेथे एखाद्या मुलाला सलग दोन वर्षे ओळखणारा माणूस आणायचा कोठून?

पालकांशी बोलणे मात्र टाळता येत नाही. गावाकडून आलेले एखादे वडील विचारतात, "सर, पोरगं वाया गेलं म्हणायचं का?" त्यांना हजेरीचे टक्के ऐकवून काय मिळणार? कोणता विषय कोणत्या परीक्षेत सुटायला हवा हे कागदावर लिहून त्यांच्या हाती दिले, तर घरातला निम्मा संताप तेथेच ओसरतो. पैशाचा प्रश्नही याच बैठकीत निघतो, कारण वर्ष पुन्हा करावे लागले की त्या वर्षापुरती शिष्यवृत्ती बहुधा थांबते, मुलगा रात्री पार्सले पोचवण्याचे काम धरतो आणि सकाळच्या प्रॅक्टिकलला गैरहजर राहून डिफॉल्टरच्या यादीत जातो. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या परंपरेतली 'कमवा आणि शिका' योजना, ज्यात काम आवारातच आणि तासांच्या वेळा सांभाळून मिळते, अशा मुलांसाठी किती उपयोगाची आहे. आमच्या भागातल्या खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांत ती मला क्वचितच दिसली.

ज्याची झोप आणि जेवण तुटले आहे, जो खोलीबाहेर पडत नाही, त्याच्यापुढे मात्र वेळापत्रक ठेवू नये. त्याला आधी डॉक्टरांकडे न्यावे, आणि टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा सरकारी क्रमांक प्रत्येक वसतिगृहाच्या भिंतीवर असावा. ज्याला अभियांत्रिकी मनापासून नको आहे, त्यालाही ओढून-ताणून ठेवण्यात मला अर्थ दिसत नाही. अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे विद्यार्थ्याच्या श्रेयांकांच्या डिजिटल खात्यात, जमा झालेले श्रेयांक जास्तीत जास्त ७ वर्षे वापरता येतात, आणि नोकरी करत पदवी घ्यायची असेल तर नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे.

आमच्या माजी विद्यार्थ्यांना एक विनंती आहे. ज्यांचे एम-थ्री तिसऱ्या-चौथ्या खेपेला सुटले आणि जे आज पुण्यात, चाकणला किंवा आणखी कोठे नोकरी करत आहेत, त्यांनी उन्हाळी परीक्षेआधी एखाद-दुसरा शनिवार द्यावा. पहिल्या झटक्यात ऑल क्लिअर झालेल्यांपेक्षा तुमचे म्हणणे ही मुले जास्त ऐकतात. गुणपत्रिका वाचायला मी बसेनच. पार्शल फ्रॅक्शन करून घ्यायला माणसे कमी पडत आहेत.