“पोहून कुणाचं काय भलं होणार?” या कमेंटला उत्तर

काका, नमस्कार. तुमची कमेंट परवा वाचली, मग परत एकदा वाचली, आणि तिथंच खाली उत्तर लिहायला घेतलं तर ते मारुतीच्या शेपटासारखं वाढतच गेलं म्हणून इथं वेगळं टाकतेय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. मी सोलापूरची, धरमतरच्या खाडीपासून मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियापर्यंत समुद्रात पोहायची तयारी करायलेय आणि त्यानिमित्तानं भीमाकाठच्या गावांत मुलींना पोहायला शिकवणाऱ्या एका ट्रस्टसाठी पैसे जमवायलेय. त्यावर काकांचं म्हणणं असं: हौस तुझी आणि पैसे लोकांचे, मुंबईत जाऊन पोहल्यानं इथल्या कुणाचं काय भलं होणार, द्यायचेच तर सरळ द्या नाटक कशाला, आणि ज्या गावात नळाला पाच-पाच दिवसांनी पाणी येतं तिथं पोहायला शिकवताय, वा! शिवाय पूर्ण नाही झालं तर पैसे परत का, आणि शेवटी पोहायच्या कपड्यांवरून एक शेरा.

पैशाचं आधी बोलू, ते सोपं आहे. बोटीचं भाडं, निरीक्षकांची फी, परवानग्यांची धावपळ, सिद्धेश्वर एक्स्प्रेसचं तिकीट, पाण्यात असताना पाजायच्या पावडरी, हे सगळं माझ्या पगारातून जातं (घरात त्यावरून जे बोलणं होतं तेही मीच खाते). मी जो क्यूआर टाकलाय तो ट्रस्टच्या खात्याचा आहे, माझ्या फोनवर त्यातला रुपयाही येत नाही, आणि ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला आहे. पण काका, तुम्ही संशय घेतलात ते मला आवडलं, खरंच. समाजकार्याच्या नावाखाली बॅनर, टी-शर्ट, पाहुण्यांची शाल-श्रीफळं आणि शेवटी पुलाव यातच वर्गणी संपते हे आपण सगळ्यांनी बघितलंय. हिशोब मागायलाच पाहिजे. माझ्याकडे पण मागा, ट्रस्टकडे पण मागा.

आता “सरळ द्या”. अहो, सरळच मागितले होते की! दिवाळीच्या आसपास आमच्या शाळेच्या ग्रुपवर साधा मेसेज टाकला, क्यूआरसकट, काम काय आहे ते पण लिहिलं. अंगठे आले, जोडलेले हात आले, गुलाबाची फुलं आली. पैसे किती आले ते सांगत नाही, ग्रुपच्या इज्जतीचा प्रश्न आहे. मग त्याच ग्रुपवर लिहिलं की मी समुद्रात छत्तीस किलोमीटर पोहणार आहे, म्हणजे साधारण सोलापूर ते मोहोळ, तर लोकांना एकदम कंठ फुटला. कुठून सुटणार, रात्री पोहणार का, मासे चावतात का, नवरा जाऊ देतो का बे, आणि या सगळ्या चौकश्या करता करता पैसे आले. कुणी किलोमीटरला अकरा रुपये बोललं, कुणी एकवीस. पूर्व भागातल्या एका कारखानदारांनी पैसे नाही म्हटले पण मुलींसाठी टॉवेल पाठवले, आपल्या इथलेच टर्किश, आणि ते मला पैशापेक्षा जास्त उपयोगी वाटले कारण ओल्या कपड्यांत घरी गेलं की आया दुसऱ्या दिवशी पोरींना पाठवत नाहीत. माझ्या कोपऱ्यावरच्या किराणावाल्या मावशींनी तुमच्याच प्रश्नाला उत्तर दिलं, मी नाही दिलं. म्हणाल्या, पंढरपूरला एसटी जाते की, मग चालत का जातात लोकं?

हौस आहे हे मी नाकारतच नाही. हौस नसती तर पहाटे उठून उजनी धरणाच्या गाळात कोण उतरलं असतं? आपल्याकडे समुद्र नाही, मुंबईचा समुद्र इथून चारशे किलोमीटरवर. एरवी टँकवर पोहते, पण टँकमध्ये भिंत येते, भिंतीला पाय मारून फुकटचं अंतर मिळतं, तळाला काळी रेघ दिसते. मोकळ्या पाण्यात यातलं काहीच नसतं, म्हणून सुट्टीच्या दिवशी उजनीचं बॅकवॉटर. उजनीत ११७ टीएमसी पाणी मावतं, त्यातलं साधारण ६३ टीएमसी मृतसाठा (टक्केवारीत न धरलेलं तळाचं पाणी), म्हणजे पेपरात धरण शून्य टक्के छापून येतं त्या दिवशीसुद्धा पोहायला पाणी असतंच, फक्त काठ आत आत सरकत जातो आणि आपण पिंडरीएवढ्या चिखलातून पाणी शोधत चालतो. शेजारून होडी चालवणारे दादा मासेमारी करणारे आहेत. चिलापीसाठी लावलेली नायलॉनची जाळी पाण्यातून दिसत नाहीत, वर फक्त थर्माकोलचे तुकडे तरंगत असतात, आणि हात मारता मारता बोट त्या दोऱ्यात अडकलं की घाबरून ओढायचं नाही, ओढलं की दोरा कातडीत रुततो. थांबायचं, पाठीवर व्हायचं, दुसऱ्या हातानं सोडवायचं. दादांनी हे मला पहिल्याच दिवशी शिकवलं, कुठल्या कोचनं नाही.

समुद्राचं गणित वेगळं. धरमतरहून भरती संपता संपता निघायचं, म्हणजे ओहोटीचं पाणी खाडीतून बाहेर रेवसकडे नेतं, मग सहाएक तासांनी पाणी फिरतं आणि आत यायला लागलेली भरती गेटवेकडे ढकलते. वेळ चुकली तर हात मारत राहा, बोटीवरच्यांना तुम्ही तिथल्या तिथंच दिसता. बोटीला हात लावायचा नाही, लावला की संपलं. प्यायचं ते दोरीला बांधलेल्या बाटलीतून, तरंगत. खारट पाण्यानं जीभ सुजते, काखेत आणि मानेला कातडी सोलते म्हणून तिथं व्हॅसलीनचा थर. कपड्यांबद्दल तुम्ही शेवटी जे लिहिलंय त्याला एवढंच उत्तर की साधा कॉस्च्युम, एक टोपी, एक गॉगल, वेटसूट चालत नाही, नियम असाय. पुढं त्या विषयावर मला बोलायचं नाही.

आणि आता मुद्द्याचं, ज्याच्यासाठी एवढं लिहायला बसले. इथल्या कुणाचं काय भलं?

आपल्याकडची पोरं पोहायला कुठं शिकतात? विहिरीत. पाठीला वाळका भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधायचा, कमरेला दोरी, आणि चुलत्यानं वरून ढकलून द्यायचं. चार दिवसांत येतं. आणि पोरी? पोरी त्याच विहिरीच्या काठावर धुणं धूत असतात. मला आजोबांनी ढकललं म्हणून मी शिकले, माझ्या बरोबरीच्या एकाही बहिणीला कुणी ढकललं नाही, कारण पोरीच्या जातीला काय करायचंय पोहून. पण पाण्याशी रोजचा संबंध कुणाचा येतो, सांगा? हंडा कुणाच्या डोक्यावर? बंधाऱ्यावर गोधड्या घेऊन कोण जातं? एकीचा पाय घसरतो, दुसरी हात द्यायला जाते, तिला धरायला तिसरी. अशी बातमी तुम्ही पण वाचली असेल काका, आपल्या जिल्ह्यातल्या पेपरला ती नवीन नाही. मे २०२४ मध्ये उजनीत कुगाव-कळाशीच्या मध्ये वाऱ्यानं बोट उलटली, सहाजण गेले. एकजण पोहून काठाला आला.

म्हणून ट्रस्टचं शिकवणं पण स्पर्धेचं नाही. पहिलं काय तर पाठीवर तरंगायचं, तोंड आकाशाकडे, कान पाण्यात, श्वास छातीत धरून. हे भल्याभल्यांना जमत नाही कारण कानात पाणी गेलं की माणूस मान उचलतो आणि मान उचलली की कंबर बुडते. दुसरं म्हणजे कुणी बुडत असेल तर उडी मारायचीच नाही. साडी टाका, ओढणी टाका, नाहीतर पाच लिटरचा तेलाचा रिकामा कॅन झाकण घट्ट लावून दोरीला बांधून फेका. पोरींना या कॅनफेकीचं लई वेड लागलंय, नेम धरून एकमेकींच्या डोक्यात मारायलेत. हात-पाय मारणं त्यानंतर.

नळाच्या पाण्याचं दुःख मला पण आहे, माझ्याही बाथरूममध्ये पिंप आहेतच. पण पोरी शिकतात त्या विहिरीत आणि बंधाऱ्यात, पिण्याचं पाणी कुणी त्यांच्यासाठी सोडत नाही. शिवाय पाणी कमी म्हणजे बुडणारे कमी असं नसतं काका. उन्हाळ्यात विहीर तळाला गेली की बायकांना निसरड्या पायऱ्यांनी आत उतरावं लागतं, आणि बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत पोरं खाणीत साठलेल्या पाण्यात उड्या मारायला जातात, खोली किती ते कुणाला माहीत नसतं.

राहता राहिलं, “पूर्ण नाही झालं तर पैसे परत का?” नाही. पाणी आहे, वारा फिरला तर बोटीवरचे मला वर काढतील आणि मी गुपचूप वर येईन. ज्यांनी किलोमीटरवर बोललंय त्यांनी जेवढं झालं तेवढ्याचे द्यावेत, बाकीच्यांचे पैसे तोपर्यंत वापरलेले पण असतील, कारण मुलींचे वर्ग माझ्या पोहण्यासाठी थांबलेले नाहीत.

तुम्हाला द्यायचे नसतील तर देऊ नका, त्यात राग नाही. बघायला या मात्र, रविवारी सकाळी वर्ग असतो, गाव मेसेजमध्ये कळवते (मुलींच्या घरच्यांना विचारल्याशिवाय इथं जाहीर लिहीत नाही). आणि बघून विचार बदललाच, तर पावतीपुस्तक तिथल्या ताईंकडे असतं, पॅन नंबर लिहा म्हणजे देणगीवरच्या आयकर सवलतीचं सर्टिफिकेट येईल, आणि दोन हजाराच्या वर देणार असाल तर कॅश नको, त्याच्यावर सूट मिळत नाही, यूपीआय नाहीतर चेक द्या.