शिबिरात सिस्टर कोण आहेत, हे आधी विचारा

एप्रिल उजाडला की माझा फोन वाजायला लागतो. "सिस्टर, मुलीला कुठल्या शिबिराला घालू?" सोबत तीन-चार जाहिराती फॉरवर्ड केलेल्या असतात. रॅपलिंग, झिपलाईन, तंबूत मुक्काम, चुलीवरचं जेवण. फोटो सुरेख असतात. आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात एक ओळ असते : "प्रथमोपचाराची सोय उपलब्ध."

आज मला त्या एका ओळीबद्दल बोलायचं आहे. पोस्ट मोठी होणार आहे, पण ज्यांची मुलं यंदा शिबिराला जाणार आहेत त्यांनी वेळ काढून वाचा.

मी तीस वर्षं सरकारी रुग्णालयांत परिचारिका म्हणून नोकरी केली, त्यातली बरीचशी ग्रामीण रुग्णालयात. निवृत्त झाल्यापासून दर मे महिन्यात सह्याद्रीच्या पायथ्याशी एका निवासी शिबिराला जाते. दहा दिवस, साठ-पासष्ट मुलं, आणि त्यांच्यामागे वीस-पंचवीस मोठी माणसं : ताई-दादा, स्वयंपाकघरातल्या मावश्या, जीपवाला, रात्रीचा वॉचमन. माझं म्हणणं एवढंच आहे की या सगळ्यांच्या तब्येतीची जबाबदारी एका माणसाच्या नावावर हवी, आणि त्या दहा दिवसांत त्या माणसाला दुसरं कुठलंही काम नको. औषधांची पेटी आपोआप उघडत नाही. ती कधी उघडायची आणि कधी बंद ठेवून सरळ गाडी काढायची, हे कळणारं कुणीतरी तिथे लागतं.

पोटदुखीचंच बघा. शिबिराच्या दुसऱ्या रात्री निजानीज झाली की पाच-सहा मुलं पोट धरून माझ्या खोलीशी येतात. दिवसभर ठणठणीत असतात, जेवलेलीही असतात. मी कपाळाला, पोटाला हात लावते, कोमट पाणी देते आणि शेजारी बसवून विचारते, घरी आत्ता कोण काय करत असेल? दहा मिनिटांत डोळ्यांतून पाणी येतं आणि पोट थांबतं. घरची आठवण पोटातच दुखते. ते दुखणं खोटं नसतं, त्याला गोळी लागत नाही एवढंच.

पण चार वर्षांपूर्वी पहाटे साडेचारला एक दादा बारा वर्षांच्या मुलाला घेऊन आला. तक्रार तीच, पोटात दुखतंय. एकदा उलटी झालेली. मुलगा शांत होता. मी ट्यूबलाइट लावली आणि म्हटलं, बाळा, वर बघ. त्याने मान वर केली, पापण्या वर झाल्या नाहीत. "सिस्टर, दोन-दोन दिसतंय," म्हणाला. मी अंगभर शोधलं. कान, बोटांच्या बेचक्या, पाठ, सगळं. कुठेही सूज नाही, रक्त नाही, खूण नाही.

ही मण्यार असते, विषारी साप. दिवसा सहसा दिसत नाही, रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणात चावते. दात इतके बारीक की झोपेत कळतही नाही. पहाटे पोट दुखतं, उलटी होते, पापण्या जड होतात, मग गिळता येत नाही, आणि मग श्वास. आम्ही पंधरा मिनिटं "बघू, थांबेल" म्हणत बसलो असतो तर पुढचं मला लिहवलं नसतं. जीप निघाली. मागच्या सीटवर तो माझ्या मांडीवर कुशीवर आडवा, आणि मी चाळीस मिनिटं त्याच्या छातीकडे बघत बसलेले. ग्रामीण रुग्णालयात सर्पदंशाची लस होती. आठ-दहा कुप्या लागतात, एक-दोन असून भागत नाही. तिथून १०८ ने त्याला जिल्ह्याला हलवलं, दोन दिवस व्हेंटिलेटरवर होता. सहाव्या दिवशी घरी गेला.

आता त्या दादाचं ऐका. वीस वर्षांचा पोरगा, आदल्या दोन रात्रींत त्याने अशा पोटदुख्या कितीतरी बघितलेल्या. ओवा देऊन झोपवायचं त्याच्या मनात आलं होतं, हे त्याने नंतर मला रडत सांगितलं. तरी तो मुलाला घेऊन आला, कारण आमच्याकडे पहिल्या दिवसापासून एक नियम आहे : रात्री निजल्यानंतर मुलाची कुठलीही तक्रार, मग ती कितीही किरकोळ वाटो, ताई-दादांनी आपल्या पातळीवर निकालात काढायची नाही. सिस्टरला उठवायचं. उठवल्याबद्दल कुणी रागावणार नाही. हा नियम करायला एक पैसा लागत नाही. त्यानंतरच्या वर्षापासून सगळी मुलं कॉटवर झोपतात, मच्छरदाणी गादीखाली चारी बाजूंनी खोचूनच. रात्री दहाला मी स्वतः प्रत्येक कॉटशी जाऊन बघते.

आता फॉर्मविषयी, आणि इथे मला पालकांशी मोकळेपणाने बोलायचं आहे.

"मुलाला काही आजार आहे का?" या प्रश्नापुढे बहुतेक जण "नाही" लिहितात. मग तिसऱ्या दिवशी ट्रेकवर मूल धापा टाकायला लागतं, आणि फोन केल्यावर आई म्हणते, "लहानपणी होता थोडा दमा, आता वर्षभरात काही नाही हो." पंप घरी कपाटात. आमच्याकडे पंप असतो, त्याला जोडायचा पोकळ डबा, म्हणजे स्पेसर असतो. स्पेसर नसला तर पाण्याच्या बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडून काम भागवता येतं. पण चढणीच्या मध्यावर हे करायची वेळ का यावी? फिटचं तर त्याहून कठीण. एका मुलीला पोहण्याच्या तासाआधी काठावरच झटका आला. पाण्यात आला असता तर? फॉर्मवर स्वच्छ "नाही" लिहिलेलं होतं. आईला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "लिहिलं असतं तर तुम्ही घेतलं असतं का तिला?"

मला तिचा राग आला नाही. तिचा अनुभव तोच होता. सहलीला नको, स्नेहसंमेलनात नको, उद्या लग्नाच्या वेळी कुणाला कळायला नको. मुलीच्या नाकाला कांदा आणि चप्पल लावणारी माणसं तिने पाहिली होती. म्हणून आम्ही फॉर्मच बदलला. वरच ठळक लिहिलं की इथे काहीही लिहिलंत तरी प्रवेश नाकारला जाणार नाही, आणि हे फक्त सिस्टर वाचतील. "आजार आहे का" हा प्रश्न काढून टाकला. त्याऐवजी विचारतो : रोज कुठली गोळी, कुठला पंप, कुठलं इंजेक्शन? शेवटचं दवाखान्यात कधी आणि कशासाठी जावं लागलं? काय खाल्लं की अंगावर उठतं? झोपेत चालते का? अंथरूण ओलं होतं का? मुलीची पाळी सुरू झाली आहे का, नसेल तर तिला त्याबद्दल घरी सांगितलं आहे का? पहिल्याच वर्षी एवढं लिहून आलं की मी दोन संध्याकाळी पालकांना फोन करत होते.

आणि जे लिहून येतं ते जपायला हवं. एका शिबिरात, पाहुणी म्हणून गेले असताना, मी माईकवरून घोषणा ऐकली : "फिटच्या गोळ्या घेणारा मुलगा कुठे आहे, त्याने ऑफिसमध्ये यावं." तो मुलगा सगळ्यांसमोरून चालत गेला. त्याची मान खाली होती. माझ्या शिबिरात मुलं रात्रीच्या जेवणाआधी "सिस्टरला पाणी द्यायला" येतात. कोण गोळीसाठी येतं आणि कोण नुसतं गप्पा मारायला, हे बाकीच्यांना कळत नाही. मी कुणालाही तपासते तेव्हा दार उघडं असतं आणि एक ताई सोबत असते. हा मुलांच्या सुरक्षिततेचा भाग आहे, तसा माझ्याही.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते मोठ्या माणसांकडे. पहिल्या वर्षी मी स्वयंपाकघरात जाऊन मावश्यांपुढे फॉर्म ठेवला तेव्हा एक जण म्हणाली, "आमचा कशाला?" मे महिना, दोन चुली, ऐंशी-नव्वद माणसांच्या भाकऱ्या. त्यांचं बीपी मोजलं तर वरचं १८०. गोळी होती, पण ती सकाळी चहाबरोबर घ्यायची, आणि शिबिरात त्यांना सकाळी चहा प्यायला सवड मिळत नव्हती. दुसऱ्या मावशीच्या बोटाला पिकलेली जखम, वर हळद. त्याच हाताने श्रीखंडाचा चक्का फेटला जात होता. अशा पिकलेल्या जखमेतले जंतू दुधाच्या पदार्थात वाढले तर विष तयार करतात. एकदा विष तयार झालं की पदार्थ उकळूनही ते जात नाही, आणि जेवल्यावर दोन-चार तासांत पंगतीच्या पंगती उलट्या करायला लागतात. त्या मावशीला आम्ही घरी पाठवलं नाही, तिची मजुरी कापली नाही. चार दिवस भाजी निवडण्याऐवजी वाढपाची यादी आणि कोठीचा हिशेब तिच्याकडे दिला. मजुरी कापली असती तर पुढच्या वेळी तिने जखम लपवली असती.

ताई-दादा पंधरा-सोळा तास उभे असतात. रात्री मुलं झोपली की यांच्या गप्पा सुरू, पहाटे पाचला परत शिट्टी. पाचव्या दिवशी यांच्यातलाच कुणीतरी दोरीची गाठ चुकीची मारतो. म्हणून प्रत्येकाला दोन दिवसांआड एक पूर्ण दुपार झोपायला मिळालीच पाहिजे, यावर मी आयोजकांशी दोन वर्षं भांडले. आता मिळते. जीपवाल्या दादांना साखरेचा त्रास आहे, त्यांचं जेवण ठरल्या वेळी काढून ठेवलेलं असतं, कारण गरज पडली तर मुलाला घेऊन घाट उतरणारे तेच आहेत.

उन्हाबद्दल फार लिहीत नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर उन्हात बसलेल्यांपैकी १४ जण उष्माघाताने गेले, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. मैदानी खेळ सकाळी दहाच्या आत आणि साडेचारनंतर, यात तडजोड नाही. मूल बरळायला लागलं आणि अंग भट्टीसारखं तापलं असेल तर पॅरासिटामॉल कामाचं नाही. आधी सावली, मग अंगावर भरपूर पाणी आणि वारा, आणि त्याच वेळी दवाखान्याची तयारी.

ओआरएसचं मात्र सांगायलाच हवं, कारण अजूनही मोठं पाकीट एका ग्लासात ओतणारे भेटतात. लिटरचं पाकीट म्हणजे लिटरभरच पाणी. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोजचं पाणी पिंपांत भरून ठेवलं आणि नातेवाइकांनाच पाजायला सांगितलं. मृत्यूचं प्रमाण प्रचंड खाली आलं. दरवर्षी पहिल्या संध्याकाळी मी ताई-दादांना ही गोष्ट सांगते आणि मग प्रत्येकाकडून एक-एक लिटर बनवून घेते, चव घ्यायला लावते. विहिरीच्या पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग पावडर) किती टाकायची आणि पाण्यातलं क्लोरीन तपासणाऱ्या ओटी टेस्टला पिवळा रंग आला की नाही, हेसुद्धा त्याच संध्याकाळी.

कोकणाकडच्या उतारावर शिबिर असेल तर लाल विंचवाचंही ध्यानात ठेवा. एके काळी या विंचवाने बरीच मुलं दगावायची. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं औषध वेळेत दिलं तर मुलं वाचतात हे दाखवून दिलं. मंत्र, चिरा, करकचून बांधलेली दोरी, यात वेळ घालवायचा नाही. विंचू असो की साप, हलवायचं ते दवाखान्याकडे.

म्हणून पालकांनो, पैसे भरण्याआधी फोन करून विचारा. सिस्टर किंवा डॉक्टर शिबिरावर मुक्कामाला आहेत की "बोलावले की येतात"? रात्री मूल आजारी पडलं तर कुणाला उठवायचं? मुलं झोपतात कशावर? सर्पदंशाची लस असलेलं जवळचं रुग्णालय कुठलं आणि किती मिनिटांवर? गाडी रात्रभर आवारात उभी असते का, आणि चालवणारा कुठे झोपतो? स्वयंपाकाच्या माणसांची तपासणी झाली आहे का? समोरच्याने "काळजी करू नका हो, आमच्याकडे काही होत नाही" असं उत्तर दिलं तर मी माझ्या नातवंडाला तिथे पाठवणार नाही. आणि तुम्हाला जे विचारलं जाईल ते खरं लिहा. दमा, फिट, अंथरूण, सगळं.

आमचं शिबिर ४ मेला सुरू होतंय. मी दोन दिवस आधी जाणार आहे. ग्रामीण रुग्णालयात जाऊन लसीच्या कुप्या किती आहेत आणि तारीख कधीची आहे ते बघायचं आहे, तिथल्या रात्रपाळीच्या सिस्टरला भेटायचं आहे. आवारात मोबाईलला रेंज नाही. गेल्या वर्षी पाण्याच्या टाकीच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर मिळत होती. तिथे अजून मिळते का ते बघून, त्या पायरीवर पांढऱ्या रंगाने १०८ लिहायचं आहे.